केळीच्या बागेवर ७४७ किलोमीटरवरून नजर

२०२५ या एकाच वर्षात अवकाशाशी संबंधित तीन मोठ्या बातम्या आल्या. २६ जूनला भारताचे शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले. ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा भारत आणि अमेरिका यांनी मिळून बांधलेला उपग्रह कक्षेत गेला. ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने उपग्रहावरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले आणि त्यात ज्या दुर्गम जिल्ह्यांची नावे आली, त्यांत आपला नंदुरबार होता. पहिल्या बातमीने मन अभिमानाने भरून आले, ते साहजिकच होते. परंतु रावेर, चोपडा, शिरपूर किंवा धडगाव येथे राहणाऱ्या माणसाच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या बातमीचा परिणाम कितीतरी अधिक होणार आहे, असे माझे ठाम मत आहे.

मानवाच्या भविष्याचा विषय निघाला की मंगळावरच्या वस्तीची चर्चा सर्वांत आधी सुरू होते. तिच्याकडे आपण नंतर वळू. त्याआधी वर फिरणारी ही यंत्रे आपल्या शेताकडे ‘पाहतात’ म्हणजे नेमके काय करतात, हे समजून घ्यायला हवे. कारण त्या पाहण्यावरून पाऊस, पाणी, विमा आणि नुकसानभरपाई यांविषयीचे निर्णय आताच होऊ लागले आहेत.

## एक आर म्हणजे एक ठिपका

वस्तूला हात न लावता, तिच्यावरून परत येणारा प्रकाश किंवा लहरी मोजून तिची माहिती काढण्याच्या शास्त्राला दूरसंवेदन म्हणतात. युरोपचे ‘सेंटिनल-२’ हे उपग्रह याच कामासाठी फिरत असतात आणि त्यांची चित्रे जगात कोणालाही फुकट पाहता येतात. त्यांच्या महत्त्वाच्या रंगपट्ट्यांतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या १० मीटर बाय १० मीटर जागेइतका असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १०० चौरस मीटर म्हणजे बरोबर एक आर. सातबाऱ्यावर तुमचे क्षेत्र ० हेक्टर ८० आर लिहिलेले असेल, तर ते शेत वरून साधारण ८० ठिपक्यांचे दिसेल.

हा हिशेब वाटतो तितका सरळ मात्र नाही. भावाभावांच्या वाटण्या होऊन आपल्याकडे अनेक शेते लांबट पट्ट्यांची झाली आहेत. २० मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब अशी पट्टी असेल, तर क्षेत्र ८० आरच भरते; पण रुंदीत जेमतेम दोन ठिपके मावतात, आणि ते दोन्ही बहुधा बांधावर पडतात. त्या ठिपक्यात तुमची केळी, शेजाऱ्याचा कापूस, बांधावरचे कडुलिंबाचे झाड आणि गाडीवाट यांचा प्रकाश एकत्र मोजला जातो. वरून पाहणाऱ्याला ते एक सरासरी शेत दिसते, आणि असे शेत प्रत्यक्षात कुठेच नसते. ही अडचण लक्षात ठेवावी, पुढे विम्याच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

पिकाची तब्येत वरून कशी कळते, तेही पाहू. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते, कारण अन्न तयार करायला त्याला तो लागतो. तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश असतो, तो मात्र ते मोठ्या प्रमाणावर परत फेकते. पानाला ताण पडला की हे प्रमाण बदलते. दोन्ही प्रकाश मोजून जो आकडा काढतात, त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. हा आकडा उपयोगी आहे, पण बोलका नाही. मृगबागेतल्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीतल्या, एका कोपऱ्यात निर्देशांक घसरला, तर तिथे पाणी पोहोचले नाही, करपा आला, कुकुंबर मोझॅक विषाणूने रोपे पिवळी पडली की खोडाशी दुसराच काही रोग आहे, हे वरून सांगता येत नाही. त्यासाठी बागेत जाऊन पान उलटून पाहणारा माणूसच लागतो. भरलेल्या बागेत तर आणखी एक मर्यादा येते: पानांचे छत एकदा दाट झाले की निर्देशांक जवळजवळ स्थिर राहतो, आणि चांगली बाग व उत्तम बाग यांतला फरक त्यात उमटत नाही.

## ढग असताना काय दिसते?

कापसाचा सारा जोर जून ते सप्टेंबर या काळात असतो, आणि नेमके तेव्हाच आकाश भरलेले असते. प्रकाशावर चालणारा उपग्रह अशा दिवसांत वरून फक्त ढगांचे चित्र काढतो. निसारची गरज इथे लागते, कारण तो रडारवर चालतो.

रडारची रीत आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड नाही. शेतीपंपाची लाइट रात्री येते, तेव्हा पाणी भरायला जाणारा माणूस सूर्याची वाट पाहत नाही; तो हातात बॅटरी घेऊन निघतो. निसारही स्वतःचा झोत स्वतःच टाकतो. फरक असा, की त्याचा झोत प्रकाशाचा नसून रेडिओ लहरींचा असतो. त्या ढगांतून आरपार जातात आणि त्यांना दिवसरात्र सारखीच. बॅटरीचा झोत साचलेल्या पाण्यावर तिरपा टाकला, तर उजेड पुढे निघून जातो आणि पाणी काळे दिसते. ढेकळांवर टाकला, तर तो चारी बाजूंना विखुरतो आणि काही उजेड डोळ्यांकडे परत येतो. रडारचेही तसेच आहे. तुंबलेले पाणी त्याच्या चित्रात काळे येते, म्हणून पुराची हद्द ढगाखालीही आखता येते. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा जास्त लहरी परत पाठवते, म्हणून जमिनीतल्या ओलीचा अंदाज बांधता येतो.

निसारवर दोन रडार आहेत. अमेरिकेच्या नासाने बांधलेल्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची आहे, तर इस्रोच्या रडारची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर पानांच्या पसाऱ्यातून अधिक खोल जाते आणि आखूड लहर वरच्या पानांशीच जास्त बोलते. दोन्हींची तुलना केली की वरचे पीक आणि खालची जमीन यांना काही प्रमाणात वेगळे करता येते. उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवर आहे, पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे १०० मिनिटांत पुरी करतो आणि दर १२ दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने येतो.

एवढ्या उंचीवरून लहान शेत ओळखण्यासाठी खरे तर सुमारे १९ किलोमीटर रुंदीची अँटेना लागली असती. निसारची अँटेना १२ मीटरची आहे. उपग्रह पुढे सरकताना एकाच जागेवरून परत येणारे हजारो प्रतिध्वनी तो साठवतो आणि गणित करून ते अशा रीतीने जोडतो, की जणू तेवढ्या मोठ्या अँटेनेने पाहिले असावे. या एका गणिती युक्तीवर हे सारे तंत्रज्ञान उभे आहे, आणि मला तर ती रॉकेटच्या उड्डाणाहूनही अधिक विलक्षण वाटते.

## जमिनीखालचे पाणी वरून मोजता येते का?

थेट दिसत नाही, पण त्याचा माग काढता येतो. २००२ साली ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी सोडण्यात आली. एकामागून एक जाणारे हे दोन उपग्रह आपापसातले अंतर सतत मोजत. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढते, त्यामुळे पुढचा उपग्रह थोडा आधी ओढला जातो आणि अंतर बदलते. या नोंदींवरून २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा यांच्या पोटातले पाणी झपाट्याने कमी होत आहे. विहिरीत दोर सोडून गावागावांत मोजलेले आकडे त्याआधीही होते. पण साऱ्या प्रदेशाचा ताळेबंद एकत्र प्रथमच पुढे आला.

खानदेशाला हा विषय जिव्हाळ्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि गाळ यांचा जो पट्टा आहे, तो पाणी मुरवण्यास उत्तम, आणि त्याच्याच जिवावर रावेर-यावलची केळी उभी राहिली. तिथे विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल गेल्या, हे कोणी नव्याने सांगायची गरज नाही. याच पट्ट्यात पाणी मुरवण्यासाठीच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी केला. असा प्रकल्प झाल्यावर पाणी खरोखर मुरले की नाही, हे कोण सांगणार? विहिरींची पातळी तर मोजावीच लागेल. त्या जोडीला निसारसारख्या उपग्रहाच्या दोन फेऱ्यांची चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, तर जमीन सेंटिमीटरभर खचली किंवा उचलली गेली तरी कळू शकते, कारण गाळाच्या जमिनीतून पाणी उपसले की ती खाली बसते आणि पाणी भरले की काही ठिकाणी वर येते. प्रकल्पाच्या यशापयशाचा असा स्वतंत्र पुरावा लोकांच्या हाती येणे, ही छोटी गोष्ट नाही.

## पाऊस आणि यंत्राची बुद्धी

२०२५ चा मान्सून आठवावा. तो २४ मे रोजी केरळात आला, दोनच दिवसांत मुंबईला पोहोचला, आणि नंतर अडकून बसला. पहिल्या पावसाच्या भरवशावर बियाणे मातीत घालणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी असा खंड म्हणजे दुबार पेरणी: पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, पुन्हा उसनवारी.

त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचा अंदाज एसएमएसने पाठवला, काही ठिकाणी तर चार आठवडे आधी. आणि मधला तो खंडही त्या अंदाजात होता. हा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला होता. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे इथे एवढेच, की जुन्या नोंदींतून ‘अशी स्थिती असताना पुढे काय घडले’ हे स्वतः शिकणारा संगणकीय कार्यक्रम. जुनी पद्धत हवेच्या हालचालीची समीकरणे महासंगणकावर सोडवते. नवी पद्धत अनेक दशकांच्या नोंदींवर शिकते आणि एकदा शिकली की दहा दिवसांचा अंदाज काही मिनिटांत देते. युरोपच्या हवामान केंद्राने असा अंदाज फेब्रुवारी २०२५ पासून नियमित वापरात आणला आहे.

यावर एक रास्त शंका निघते: हवामानच बदलत असेल, तर जुन्या नोंदींवर शिकलेले यंत्र नव्या संकटात फसणार नाही का? फसू शकते. क्वचित घडणाऱ्या घटनांची उदाहरणे कमी असतात, त्यामुळे त्यांचा अंदाज कच्चा राहण्याचा धोका असतो. म्हणूनच दोन्ही पद्धती सोबत चालवल्या जातात. शिवाय दोन्हींना आजच्या आकाशाची माहिती लागतेच, आणि तिचा मोठा भाग उपग्रहच पुरवतात. भारताचा इन्सॅट-३डीएस हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी गेला. तो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून भारताकडे एकटक पाहत असतो.

## खायला भाकर नाही, तिथे हा खर्च कशाला?

हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाला सुमारे १३,४१६ कोटी रुपये मिळाले. एकूण अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे १०० रुपयांतले साधारण २६ पैसे.

त्या पैशांत काय मिळते? १९९९ साली ओडिशावर महाचक्रीवादळ आले, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१९ साली तेवढेच धडकी भरवणारे फनी वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली, कारण वादळाची वाट आधी कळली आणि दहा लाखांहून अधिक लोक हलवले गेले. श्रेय एकट्या उपग्रहाचे नाही. रस्ते, निवारे, भोंगे आणि घरोघरी जाऊन सांगणारी माणसे नसती, तर वरच्या चित्राचा काही उपयोग झाला नसता. मला इथे आक्षेप घेणाऱ्याची बाजू अर्धी पटते. पैसा अवकाशात जास्त जात नाही. तो अवकाशातून मिळालेली माहिती शेवटच्या घरापर्यंत पोहोचवण्यात फार कमी जातो.

## नंदुरबारच्या डोंगरात इंटरनेट

अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांत मोबाइलची रेंज हा रोजचा प्रश्न आहे. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवायचा, आश्रमशाळेची माहिती भरायची, रुग्णाचा अहवाल मोठ्या दवाखान्यात दाखवायचा, तर नेटवर्क लागते. आणि सातपुड्याच्या घड्यांत मनोरे उभारणे व केबल नेणे खर्चाचे असल्याने ते होत नाही.

जुने संचार उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतात. तिथपर्यंत संदेश जाऊन उत्तर यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे बोलणे अडखळते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, म्हणून हा उशीर जवळजवळ जाणवत नाही. पण इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो. सेवा अखंड राहायची तर एकामागून एक असे हजारो उपग्रह लागतात, आणि ते काही वर्षांनी बदलावे लागतात.

इरादापत्र म्हणजे सेवा सुरू झाली असे मात्र नव्हे. यंत्रसंच कोणाच्या खर्चाने बसणार, महिन्याचे पैसे कोण भरणार आणि बिघडल्यावर तोरणमाळला दुरुस्तीला कोण येणार, यावर सारे अवलंबून आहे. माझ्या मते आश्रमशाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यासाठी अशी सेवा लवकर यायला हवी, पण मनोरे आणि केबल यांचे काम त्या नावाखाली थांबता कामा नये. दळणवळणासारखी गोष्ट एका परदेशी कंपनीच्या एकाच जाळ्यावर सोडणे शहाणपणाचे नाही.

## वरची गर्दी आणि खाली पडणारे लोखंड

१० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर एक चालू अमेरिकी उपग्रह आणि एक बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारो तुकडे झाले. कक्षेतला तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने जातो. त्या वेगात एक सेंटिमीटरचा खिळाही दुसरा उपग्रह निकामी करू शकतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार एक सेंटिमीटरहून मोठे असे १२ लाखांहून अधिक तुकडे आज फिरत आहेत. एका टकरीचे तुकडे दुसरी टक्कर घडवतील आणि ही साखळी थांबणार नाही, हा धोका डोनाल्ड केसलर या शास्त्रज्ञाने १९७८ मध्येच मांडला होता. तसे झाले, तर पाऊस, पूर आणि वादळ पाहणारे उपग्रहही सुरक्षित राहणार नाहीत.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात जळत जाणारी रेघ दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी आणि गोळे पडले. ते एका चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. सुदैवाने कोणी दगावले नाही. दगावले असते तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जमिनीवर झालेल्या अशा नुकसानीची पूर्ण जबाबदारी तो पदार्थ सोडणाऱ्या देशावर येते. चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. १९७८ साली अणुइंधन असलेला एक सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने ६० लाख डॉलरची मागणी केली आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. कायदा आहे, पण तो दोन सरकारांमध्ये चालतो. घरावर गोळा पडलेल्या माणसाला या कराराखाली स्वतः दावा लावता येत नाही, त्याच्या सरकारने उभे राहावे लागते.

भारताने २०३० पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. इतर देशांनी तसे केल्याशिवाय त्याचा पुरता लाभ होणार नाही, हेही खरे आहे.

## मग माणूस मंगळावर राहायला जाणार का?

माणसे मंगळावर पाऊल ठेवतील, असे मला वाटते. लाखो लोक तिथे संसार थाटतील, असे सांगणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. जायलाच सहा ते नऊ महिने लागतात. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, हवा जवळजवळ नाही, किरणोत्सार भरपूर आहे आणि मातीत माणसाला अपायकारक असे परक्लोरेट क्षार आहेत. पृथ्वी बिघडली तर तिकडे जाऊ, हा विचार म्हणूनच मला अत्यंत घातक वाटतो. आपल्याकडचे सर्वांत रखरखीत माळरानही मंगळावरच्या सर्वांत चांगल्या जागेपेक्षा हजारपट राहण्याजोगे आहे.

चंद्राची गोष्ट वेगळी आहे. चंद्रयान-१ च्या नोंदींतून २००९ मध्ये तिथे पाण्याचे रेणू असल्याचे दिसले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चंद्रयान-३ ने मातीत तापमापक खुपसला, तेव्हा पृष्ठभाग ५० अंशांहून तापलेला असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर तापमान उणे १० च्या आसपास होते. ४५ अंशांचा उन्हाळा काढणाऱ्या भुसावळकरांनी या आकड्याचा अर्थ नीट पाहावा: चंद्राची माती उष्णता आत जाऊच देत नाही. म्हणूनच ध्रुवाजवळ बर्फ टिकून राहण्याची शक्यता बळावते, आणि पाणी मिळाले तर प्यायला, श्वासाला आणि इंधनालाही ते वापरता येईल. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असे लक्ष्य ठेवले आहे.

तिथे राहायचे तर पिकवावे लागेल. इस्रोने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोडलेल्या एका छोट्या बंदिस्त पेटीत चवळीचे बी चार दिवसांत उगवले आणि त्याला पानेही फुटली. शुभांशू शुक्ला यांनी स्थानकात मूग आणि मेथी यांना मोड आणण्याचा प्रयोग केला. त्या स्थानकात घाम, वाफ आणि मूत्र यांतले ९८ टक्के पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. ठिबकवर केळी जगवणाऱ्या जळगाव जिल्ह्याला थेंबाचे मोल वेगळे सांगायला नको. अवकाशासाठी तयार होणारे पाणी शुद्ध करण्याचे आणि मोजून देण्याचे तंत्र पुढे कोरड्या प्रदेशांकडेच येणार आहे.

चंद्राच्या बर्फावर मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र उघडाच आहे. १९६७ चा करार सांगतो, की कोणत्याही देशाला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येणार नाही. खणून काढलेल्या पदार्थाचे काय, याविषयी तो स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आपल्या कंपन्यांना तसा हक्क देणारा कायदा केला. चंद्रावरच्या कामाचे नियम सुचवणाऱ्या अमेरिकाप्रणीत आर्टेमिस करारावर भारताने जून २०२३ मध्ये सही केली आहे.

## चित्र कोणाच्या हाती?

मालकीचा हाच प्रश्न खाली, बांधावर, आजच उभा आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाचा अंदाज ठरवताना तंत्रज्ञानाने काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आली. केळीसाठीची हवामान आधारित फळपीक विमा योजना महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर चालते: उदाहरणार्थ, तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिले, तर भरपाई. पुढच्या काही वर्षांत अशा ठिकाणी उपग्रहाचा वाटा वाढतच जाईल, याविषयी मला शंका नाही.

यात चांगले काय आहे? पंचनाम्यासाठी कोणाच्या मागे फिरावे लागत नाही, ओळखीपाळखीचा प्रभाव कमी होतो आणि पैसे लवकर मिळण्याची शक्यता वाढते. वाईट काय आहे? वीस मीटर रुंदीच्या पट्टीतला सरासरी ठिपका ‘येथे केळी नाही’ असे सांगू शकतो. शेजारच्या गावातल्या केंद्राजवळ वारा नव्हता, म्हणून तुमच्या आडव्या झालेल्या बागेचे नुकसान केंद्राच्या आकड्यांत न येण्याची शक्यता असते. माणसाने चुकीचा पंचनामा केला, तर त्याच्याशी वाद घालता येतो. यंत्राच्या आकड्याशी वाद कसा घालायचा, हे अजून कोणी शिकवलेले नाही.

तो वाद घालता आला पाहिजे. ज्या चित्रावरून माझा दावा नाकारला गेला ते चित्र कोणत्या तारखेचे, त्या दिवशी ढग किती होते, ठिपका किती मोठा होता आणि त्या निष्कर्षाची प्रत्यक्ष शेतात जाऊन कोणी पडताळणी केली का, ही माहिती शेतकऱ्याला मागताच, मराठीत आणि गट क्रमांकासह मिळायला हवी. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अमेरिकेने आपल्या लँडसॅट उपग्रहाची चित्रे २००८ मध्ये सर्वांना फुकट केली, सेंटिनलची पहिल्यापासून फुकट आहेत, निसारचीही माहिती खुली ठेवण्याचे धोरण आहे आणि इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. कच्चा माल सर्वांसमोर पडलेला आहे. त्यावरून निष्कर्ष काढण्याची रीत तेवढी बंद दाराआड राहते.

जळगावच्या विद्यापीठात संगणक आणि भूगोल शिकणारी मुले आहेत, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. यांनी मिळून रावेर तालुक्यातले एक गाव निवडावे, मृगबाग आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) अशा दोन्ही हंगामांत दर १२ दिवसांनी, निसार डोक्यावरून जाईल त्याच दिवशी, ठरलेल्या शेतांत मातीची ओल मोजावी, पिकाची नोंद करावी आणि उपग्रहाच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहून दोन्ही गावच्या चावडीवर लावावेत. किती ठिकाणी जुळले आणि किती ठिकाणी चुकले, याची अशी वही एकदा तयार झाली, की पुढच्या हंगामात विम्याच्या सुनावणीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात ती देता येईल.